कालपर्यंत तर चालत होतं

लिनक्स सर्व्हरचे सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यावर त्यात दुरून लॉगिन न होणे हा विकार पुण्यात सहसा रविवारी सकाळी उद्भवतो. याला कारण भूगोल. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला आपला सर्व्हर शनिवारी रात्री दहानंतरच बंद असलेला चालतो, आणि उन्हाळ्यात तिथले रात्रीचे दहा म्हणजे हिंजवडीतले रविवारचे सकाळचे साडेसात. अपग्रेड होते, सर्व्हर रीबूट होतो, तोवर पोहे येतात, आणि पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ ही ओळ उमटते. तिच्यापुढे कंसात ‘पब्लिककी’ एवढाच शब्द असतो. क्रमांक नाही, कारण नाही, कोणाकडे दाद मागावी तेही नाही. त्यावर उपस्थितांपैकी एकजण म्हणतो, ‘कालपर्यंत तर चालत होतं!’ निदान खरे तर याच वाक्यात झालेले असते. काल आणि आज यांच्यात बदललेली एकमेव गोष्ट म्हणजे अपग्रेड. पण हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारलेले असल्यामुळे त्याच्याकडे पुरावा म्हणून कोणी बघत नाही.

ज्या दारावर हा प्रसंग घडतो त्याचे नाव एसएसएच. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारेजाणारे पासवर्ड चोरून वाचले. तेव्हाच्या टेलनेटमधून पासवर्ड उघड्यानेच जात असल्यामुळे त्यासाठी फार डोके लागत नव्हते. तिथल्या टाटू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी जगाला वापरायला दिले. एफटीपीचे पोर्ट २१ आणि टेलनेटचे २३, मधले २२ रिकामे होते. युलोनेन यांनी क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल पाठवून ते मागितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते मिळाले. अर्ज, तीन प्रती, सत्यप्रत असे काहीही न लागता जगभराच्या उपयोगाचा क्रमांक एका दिवसात मिळाल्याची हकिकत भारतीय वाचकाला दंतकथा वाटेल, पण तसे घडले आहे. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालते ते ओपनएसएसएच. ते ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये आणले. ही मंडळी सुरक्षेच्या बाबतीत कोणाचीही भीड ठेवत नाहीत. रविवार सकाळचा विकार समजायला त्यांचा हा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो.

‘परमिशन डिनाइड’ ही ओळ तोकडी आहे ती आळसापोटी नव्हे. वापरकर्त्याचे नाव चुकले, किल्ली चुकली, किल्ली बरोबर पण फाइलींचे हक्क चुकले, की त्या माणसाला मुळात मज्जावच आहे, यातले काहीही झाले तरी एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरच्या दारावर बसलेला एसएसएचचा प्रोग्रॅम, बाहेरच्याला एकच उत्तर देतो. पासवर्ड चालत असलेल्या सर्व्हरवर अस्तित्वातच नसलेल्या नावाने कोणी आले तर त्यालाही पासवर्ड विचारला जातो, आणि तो जे काही देईल ते गांभीर्याने नाकारले जाते. चोराला आपण कुठे चुकलो हे कळू नये म्हणून हा ताकास तूर न लागू देण्याचा बाणा. त्यात मालकाचीही गणना चोरांत होते, ही त्याची किंमत. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सविस्तर लिहिलेले असते. लॉग वाचायला आत जावे लागते. आणि आत जाता येत नाही, म्हणूनच तर लॉग वाचायचा असतो.

या कोंडीवर मनुष्यप्राण्याचा पहिला उपाय म्हणजे तीच आज्ञा पुन्हा देणे. दुसरा उपाय म्हणजे ती आज्ञा पुन्हा, पण एंटर जोरात दाबून देणे. तिसऱ्या टप्प्यावर शेजारचा सहकारी ‘थांब, मी माझ्या मशीनवरून बघतो’ म्हणून सामील होतो. यातले काहीच निरुपद्रवी नाही. एका जोडणीत किती चुका खपवून घ्यायच्या याची एसएसएचडीची मर्यादा सहसा सहा असते, आणि सादर केलेली प्रत्येक किल्ली हा एक प्रयत्न धरला जातो. ज्याच्या एसएसएच-एजंटमध्ये आजवरच्या सगळ्या नोकऱ्यांच्या किल्ल्या जमा आहेत त्याची खरी किल्ली सातव्या क्रमांकावर असली तर ती सादर होण्याआधीच सुनावणी संपते. शिवाय सर्व्हरवर फेल२बॅन असले तर ते मूळ मांडणीत पाच चुकांनंतर तो पत्ता दहा मिनिटे बंद करते. ओपनएसएसएच ९.८ पासून, म्हणजे २०२४ पासून, असे दंड देण्याची सोय एसएसएचडीच्या अंगातच आली आहे. आणि ऑफिसातले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसत असल्यामुळे सहकाऱ्याच्या मदतीने सबंध मजला एकदम बाहेर पडतो. इथून पुढे मूळ बिघाड कोणता आणि आपण निर्माण केलेला कोणता हे वेगळे करणे कठीण जाते.

निदानाची खरी सुरुवात संदेश नीट वाचण्यापासून होते, आणि नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे निरोप पोचलाच नाही किंवा वाटेत गिळला गेला, फायरवॉल पाहावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र जागे आहे पण त्या पोर्टवर कोणी बसलेले नाही. एसएसएचडी बहुधा सुरूच झालेला नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे एसएसएचडी चालू आहे, त्याने म्हणणे ऐकून घेतले आहे, आणि त्याला ते पटलेले नाही. तिन्ही प्रसंगी ग्रुपवर मात्र ‘सर्व्हर डाउन आहे’ असाच एक निरोप जातो आणि त्याला तीन अंगठे मिळतात.

एसएसएचच्या आज्ञेला ‘व्ही’ हा पर्याय जोडला की ती बोलकी होते. तीन व्ही जोडले की बडबडी होते. या बडबडीत आपल्या बाजूने कोणती किल्ली पुढे केली, सर्व्हरने कोणत्या पद्धती चालतील म्हणून सांगितले आणि बोलणी कुठे फिसकटली, हे सगळे क्रमाने येते. पडदाभर मजकुरातल्या दोनच ओळी कामाच्या असतात, आणि त्या शेवटून वर वाचत गेल्यास लवकर सापडतात. त्यांतली एक ओळ गेल्या काही वर्षांत इतक्या पडद्यांवर दिसली आहे की या विकाराचा सर्वांत मोठा पोटप्रकार तिच्यावरूनच ओळखावा. तिचा आशय असा: दोघांनाही मान्य होईल अशी सहीची पद्धत सापडली नाही.

हा पोटप्रकार मुळातून समजून घेण्यासारखा आहे. एसएसएचमध्ये किल्ली कोणी कोणाच्या हातात देत नाही. सर्व्हरकडे सार्वजनिक किल्ली असते, माणसाकडे खासगी. माणसाचा संगणक खासगी किल्लीने एक सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. सही करण्याआधी मजकुराचा एक छोटा गोषवारा काढावा लागतो. आरएसए किल्ल्यांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे शा-१ नावाच्या पद्धतीने काढला जात होता. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने दोन वेगळ्या पीडीएफ फाइलींचा एकच शा-१ गोषवारा काढून दाखवला. २०२० मध्ये दोन संशोधकांनी आणखी घातक प्रकारची टक्कर पन्नास हजार डॉलरांच्या आत जमते असे सिद्ध केले. मुंबईच्या चांगल्या वस्तीत एवढ्या पैशांत एक खोलीही येत नाही. जगभराच्या विश्वासाला तडा मात्र जातो. ओपनएसएसएचवाल्यांनी फेब्रुवारी २०२० मध्येच ८.२ आवृत्तीच्या टिपणात सांगून टाकले, की ही सही आम्ही लवकरच बंद करणार. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ८.८ आवृत्तीत त्यांनी ती मूळ मांडणीतून काढली. दीड वर्षाची नोटीस दिलेली होती. ती आवृत्तीच्या टिपणात होती, म्हणजे जगातल्या सर्वांत गुप्त जागी होती.

उबुंटू लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीत ओपनएसएसएच ८.२ आहे आणि २२.०४ मध्ये ८.९. म्हणजे दोन वर्षांची उडी एका रात्रीत मारणारा प्रत्येक सर्व्हर या सीमेवरून जातो, आणि जाताना कोणाला काही सांगत नाही. बँकेने एके दिवशी शाईचा अंगठा बंद करून सहीच लागेल असे ठरवावे, तसा हा प्रकार आहे. खातेदार तोच, खाते तेच, शिल्लकही तीच, फक्त काउंटरवरचा माणूस अंगठ्याकडे बघत नाही. लोक मात्र खातेच बुडाले असे समजून धावाधाव करतात. वास्तविक आरएसए किल्ली बदलायची गरज नसते. त्याच किल्लीने शा-२ वापरून नवी सही करता येते, आणि ओपनएसएसएचला ती २०१६ पासून येते. गोंधळ वाढतो तो असा, की किल्लीच्या फाइलीच्या सुरुवातीला ‘एसएसएच-आरएसए’ असे लिहिलेले असते आणि बंद केलेल्या जुन्या सहीचे नावही ‘एसएसएच-आरएसए’च आहे. त्यामुळे ‘एसएसएच-आरएसए बंद झाले’ अशी बातमी वाचून ठणठणीत किल्ल्या फेकून देणारे अनेक असतात. आणि ज्या संगणकावरचा प्रोग्रॅम खरोखर जुना आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

जुना प्रोग्रॅम हाच बहुतेकदा खरा आरोपी निघतो. विंडोजवरच्या पुटीला नवी सही ०.७५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून येते. अनेक डेस्कटॉपवर मात्र कोणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवरून आणलेली पुटी असते आणि तिची आवृत्ती पाहण्याची पद्धत नाही. जावामध्ये लिहिलेल्या असंख्य बँकिंग, बिलिंग आणि बॅकअपच्या प्रणालींच्या पोटात जेएससीएच नावाची लायब्ररी असते. तिची मूळ आवृत्ती २०१८ नंतर पुढे सरकलेली नाही आणि तिला नवी सही येत नाही. हे विशेष त्रासदायक ठरते, कारण माणसांचे लॉगिन व्यवस्थित होते, सगळे घरी जातात, आणि रात्री अडीच वाजता आपोआप चालणारी फाइल-पाठवणी गुपचूप पडते. सोमवारी हिशेब खात्यातून फोन येतो. फोन करणाऱ्याला शा-१ समजावून सांगण्याचे प्रयत्न आजवर यशस्वी झालेले नाहीत.

हाच विकार उलट्या दिशेनेही होतो. नवा लॅपटॉप घेतला, आणि सर्व्हर-खोलीतल्या बारा वर्षांच्या नेटवर्क स्विचमध्ये जाता येईना. इथे नव्याला जुन्याची ओळख पटवून घ्यायची नसते, कारण स्विचची स्वतःची ओळख-किल्लीच जुन्या सहीची असते. त्यावरचा उतारा म्हणजे आपल्या एसएसएचच्या मांडणीत तेवढ्या एका स्विचपुरती जुनी पद्धत अधिकचे चिन्ह लावून जोडणे. अधिकचे चिन्ह विसरले तर अर्थ बदलतो: यादीत भर पडत नाही, सगळी यादी पुसून ही एकच पद्धत उरते. ती ओळ सर्वांसाठी लिहिलेली असली, तर स्विच उघडतो आणि उरलेले जग बंद होते. तेवढ्या एका यंत्रापुरती सोय करायची सोडून सर्वांसाठी करणारेही पुष्कळ. पाहुणा गेल्यावर दार लावायची आठवण त्यांना होत नाही.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये याच गोष्टीवर आणखी एक मजला चढवला आहे. तिथे सबंध यंत्रणेसाठी एकच गुप्तलेखन-धोरण असते आणि शा-१ ची सही त्या धोरणातूनच बाद आहे. एसएसएचडीच्या फाइलीत काहीही लिहिले तरी वरचे धोरण त्याला जुमानत नाही. तालुक्याने मंजूर करावे आणि मंत्रालयाने परत पाठवावे, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे लवकर समजते. धोरण सैल करण्याची आज्ञा आहे, तिचा उपयोगही होतो, पण ती सगळ्या यंत्रणेला सैल करते. डीएसए नावाच्या त्याहून जुन्या किल्ल्यांसाठी तर आता कोणतीच खिडकी उरलेली नाही: २०१५ मध्ये त्या मूळ मांडणीतून गेल्या आणि २०२५ मधल्या १०.० आवृत्तीत कोडमधूनच गेल्या.

दुसरा मोठा पोटप्रकार अपग्रेडच्या मध्यावरच जन्माला येतो. पॅकेजे बसत असताना डेबियन आणि उबुंटू एक प्रश्न विचारतात: एसएसएचडीच्या मांडणीची तुमची फाइल बदललेली दिसते, ती ठेवायची की पॅकेजमधली नवी घ्यायची? प्रश्न योग्य असतो. वेळ चुकीची असते. चाळीस मिनिटे स्थितप्रज्ञपणे सरकणाऱ्या ओळी बघून माणूस अर्धवट झोपेत असतो आणि एंटर दाबतो, म्हणजे जुनीच फाइल राहते. जुन्या फाइलीत आठ वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेले आर्कफोर सांकेतीकरण असले, तर २०१७ नंतरचा एसएसएचडी ते नाव वाचून थबकतो आणि सुरू होण्यासच नकार देतो. याउलट नवी फाइल घेतली, तर पोर्ट २२ वर परत येते, निवडक वापरकर्त्यांची यादी नाहीशी होते, आणि ‘रूट’ने पासवर्ड देऊन आत शिरण्याची जी सोय कोणीही मान्य करत नाही पण सगळे वापरतात, ती बंद होते. ही सोय बंद करणाऱ्या पर्यायाचे जुने नाव ‘विदाउट-पासवर्ड’ असे होते. त्याचा अर्थ रूटला पासवर्डने येता येणार नाही असा होता. पासवर्डाशिवाय कोणीही या असा अर्थ काढून घाबरलेल्यांची संख्या मोठी असावी, कारण २०१५ मध्ये ते नाव बदलून ‘प्रोहिबिट-पासवर्ड’ केले गेले.

मांडणीची फाइल आता एकटीही राहिलेली नाही. नव्या डेबियन-उबुंटूत तिच्या पहिल्याच काही ओळींत शेजारच्या फोल्डरमधल्या सगळ्या छोट्या फाइली ओढून घेण्याची सूचना असते. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. जगातले बहुतेक प्रोग्रॅम शेवटी आलेली किंमत खरी मानतात, म्हणून जाणकार मंडळी आपला शब्द अखेरचा असावा या हेतूने फाइलीला ‘९९-आमची’ असे काहीतरी नाव देतात. एसएसएचडीचा नियम बरोबर उलट आहे: पहिल्यांदा आलेली किंमत पक्की, नंतर कोणी काहीही म्हणो. क्लाउडवरच्या उबुंटूत क्लाउड-इनिट नावाचा कारभारी ‘५०’ क्रमांकाची फाइल ठेवतो आणि पासवर्ड चालेल की नाही हे त्यात आधीच ठरवून मोकळा होतो. ९९ नंबरवाले मुख्य फाइलीत, ९९ च्या फाइलीत, दोन्हीकडे दुरुस्त्या करत राहतात आणि काहीच बदलत नाही. एसएसएचडीला मोठा ‘टी’ हा पर्याय दिला तर सगळ्या फाइली मिळून शेवटी कोणते नियम लागू आहेत त्याची सरळ यादी तो छापून देतो. ही यादी पाहणे दोन सेकंदांचे काम आहे. ते सहसा दोन तासांनी सुचते.

तिसरा पोटप्रकार फाइलींच्या हक्कांचा, आणि याचे श्रेय बरेचदा उपचारालाच जाते. अपग्रेडनंतर कुठलीतरी फाइल वाचता येत नाही म्हणून कोणीतरी होम फोल्डरवर सातशे सत्याहत्तर हे हक्क चालवतो. या आकड्याने सगळ्यांना सगळे करता येते, म्हणून तो लोकप्रिय आहे. एसएसएचडीचा तर्क असा, की ज्या घरात कोणीही लिहू शकतो त्या घरातली किल्ल्यांची यादीही कोणीही लिहिलेली असू शकते. तेव्हा तो ती यादी उघडतच नाही. लॉगमध्ये तो ‘मालकी किंवा हक्क ठीक नाहीत’ असे स्पष्ट लिहितो आणि बाहेर तेच आपले ‘परमिशन डिनाइड’. होम फोल्डरवर मालकाखेरीज कोणाला लिहिता येऊ नये, डॉट-एसएसएच फोल्डरला सातशे आणि यादीच्या फाइलीला सहाशे, एवढे केले की भागते. रेड हॅटच्या घराण्यात बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलींवर एसई-लिनक्सची लेबले चुकीची लागलेली असतात. तिथे हक्क कितीही सरळ केले तरी लेबले सुधारणारी रीस्टोरकॉन ही आज्ञा चालवेपर्यंत काम होत नाही.

यानंतर येतो पॅम, म्हणजे लॉगिनची तपासणी करणारी लिनक्सची मॉड्यूलांची यंत्रणा, आणि इथे किल्ली खरी ठरूनही दार लागते. चुकीचे प्रयत्न मोजण्यासाठी पूर्वी पॅम-टॅली-२ नावाचे मॉड्यूल वापरत. सुरक्षेच्या तपासणीत गुण मिळावेत म्हणून ते अनेक कंपन्यांत हाताने बसवलेले होते. रेड हॅटने ते आठव्या आवृत्तीत काढले आणि लिनक्स-पॅमच्या मूळ प्रकल्पाने २०२० मध्ये. त्याची जागा पॅम-फेलॉकने घेतली. मॉड्यूल गेले, त्याला बोलावणारी ओळ मात्र जुन्या फाइलीत राहिली. पॅम हजेरी घेतो, मॉड्यूल सापडत नाही, आणि न सापडणे हेच अपयश धरून तो सर्वांना परत पाठवतो. सुरक्षा त्या दिवशी खरोखर परिपूर्ण असते. याच जातीची एक छोटी गंमत म्हणजे शेल: वापरकर्त्याने हौसेने झेडशेल लावलेले असते, अपग्रेडमध्ये ते पॅकेज निघून जाते, आणि ज्याचे शेल नाही त्याला एसएसएचडी मुळात माणूस मानत नाही.

पडदा भरून ॲट-चिन्हांच्या चौकटीत ‘दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे’ असा मोठा इशारा येतो, तो याहून वेगळा. अपग्रेडने सहसा तो येत नाही. सर्व्हर नव्याने उभारला आणि त्याच्या ओळख-किल्ल्या नव्याने तयार झाल्या की येतो. एसएसएच आयुष्यात एकदाच इतक्या तळमळीने बोलते, आणि लोक जुनी नोंद पुसून, ‘येस’ टाइप करून पुढे जातात. किल्लीचा ठसा कन्सोलवर पडताळून मगच ‘येस’ म्हणावे असा नियम आहे. तो पाळणाऱ्याकडे सहकारी संशयाने पाहतात.

पोर्टाच्या बाबतीतही एक नवी तऱ्हा आहे. उबुंटूत २२.१० पासून दारावर आधी सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी बसतो आणि कोणी आले की एसएसएचडीला हाक मारतो. त्यामुळे पोर्ट बदलून फक्त एसएसएचडी रीस्टार्ट करणाऱ्याला नवे पोर्ट मिळत नाही. सिस्टमडीला मांडणी पुन्हा वाचायला लावून सॉकेट रीस्टार्ट करावे लागते.

आता आत कसे शिरायचे? क्लाउड कंपनीच्या वेबपानावर कन्सोल असतो, म्हणजे सर्व्हरला जणू समोर बसून कीबोर्ड जोडलेला. कन्सोलला पासवर्ड लागतो. किल्ल्यांवर चालणाऱ्या सर्व्हरवर पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो. ठेवलेला असला तर त्यात ॲट-चिन्ह असते, आणि कन्सोलचा कीबोर्ड इंग्लंडचा असल्यामुळे त्या जागी अवतरणचिन्ह उमटते. पासवर्ड टाइप करताना दिसत नसल्याने ही गोष्ट बराच वेळ गुलदस्त्यात राहते. तेही न जमल्यास सर्व्हर बंद करून त्याची डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडायची आणि तिथून फाइली दुरुस्त करायच्या. हा मार्ग हमखास आहे. तो मॅनेजरला सांगताना मात्र ‘डिस्क काढतोय’ हे शब्द टाळावेत.

एकदा आत पाऊल पडले की उरलेले काम सहसा दहा मिनिटांचे असते. डेबियनच्या घराण्यात लॉग ऑथ-लॉग या फाइलीत, रेड हॅटकडे सिक्युअर या फाइलीत, आणि डेबियन १२ च्या नव्या उभारणीत बहुधा कुठल्याच फाइलीत नाही. तिथे जर्नलला विचारावे लागते. सेवेचे नावही डेबियनमध्ये एसएसएच आणि रेड हॅटमध्ये एसएसएचडी आहे. चुकीच्या नावाने विचारले की ‘नोंदी नाहीत’ असे उत्तर येते आणि विचारणारा लॉगिंगच बिघडले अशा नव्या शोधाला लागतो. योग्य नावाने विचारले की अमुक किल्लीची पद्धत मान्य यादीत नाही, तमुक फोल्डरचे हक्क ठीक नाहीत, हे मॉड्यूल सापडले नाही, असे सगळे तिथे निवांत लिहिलेले मिळते. तेवढ्यानेही उलगडले नाही तर एसएसएचडीची दुसरी प्रत वेगळ्या पोर्टवर ‘डी’ पर्यायाने चालवावी; ती एकाच पाहुण्याची चौकशी करते, सगळे मोठ्याने बोलते आणि संपते.

प्रतिबंध उपचाराहून स्वस्त आहे, म्हणून तो दुर्मीळ आहे. फाइल बदलल्यावर रीस्टार्टपूर्वी एसएसएचडीला लहान ‘टी’ देऊन ती तपासून घ्यावी. चालू असलेले लॉगिन बंद करू नये. एसएसएचडी रीस्टार्ट झाला तरी आत असलेल्याला तो बाहेर काढत नाही, म्हणून नवीन लॉगिन दुसऱ्या खिडकीतून करून पाहावे आणि ते जमल्यावरच पहिली खिडकी मिटावी. रीबूटला ही सवलत नाही. उबुंटूच्या अपग्रेडरला हे सगळे ठाऊक आहे. एसएसएचमधून अपग्रेड करायला घेतले की तो आधी नाराजी व्यक्त करतो आणि मग पोर्ट १०२२ वर जादा एसएसएचडी चालू करून ठेवतो. फायरवॉलमध्ये १०२२ उघडावे लागेल असेही तो सांगतो, आणि थांबून एंटरची वाट बघतो. एंटर तत्परतेने दिला जातो.

दुरुस्तीचा शेवट मात्र दुरुस्तीने होत नाही. रविवारी घाईत जुनी सही पुन्हा चालू करणारी जी ओळ टाकलेली असते, तिच्यावर ‘तात्पुरते’ अशी टीप असते. ती काढायची तर जुने प्रोग्रॅम वापरणारे कोण कोण आहेत ते शोधावे लागते, त्यांना एड२५५१९ जातीच्या नव्या किल्ल्या द्याव्या लागतात (पुटी किंवा जेएससीएच फार जुने असले तर तेही बदलावे लागते), आणि किल्ल्यांच्या यादीतल्या जुन्या ओळी पुसाव्या लागतात. यादीत चोवीस ओळी असतात. प्रत्येकीच्या शेवटी मालकाची खूण असते, आणि त्यांपैकी एकोणीस जागी ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ असे लिहिलेले असते. उरलेल्या पाचांतले तिघे कंपनी सोडून गेलेले असतात, एक ‘टेस्ट’ असते, आणि एक ‘डिलीट करू नये’ असते.